मोठी नंतर आली

माझ्या भावाला दोन मुली आहेत. मोठी तेरा वर्षांची, आठवीत. धाकटी अकरा वर्षांची, पाचवीत. दोघीही दत्तक. धाकटी आधी आली, 2015 च्या जूनमध्ये, सात महिन्यांची असताना. मोठी नंतर आली, 2017 मध्ये, पाच वर्षांची होऊन. त्यामुळे घरात मोठी कोण, हा वाद दोघींमध्ये अजून चालू आहे. एक म्हणते, मी आधी जन्मले. दुसरी म्हणते, मी आधी आले. दोघींचंही खरं आहे आणि दोघीही मागे हटत नाहीत.

त्यांच्याबद्दल लिहू का, असं मी दोघींना विचारलं. मोठी म्हणाली, "लिही फुफी, पण जे झालं तेच लिही." धाकटीने अटी घातल्या. माझं नाव नको, शाळेचं नाव नको आणि एक प्रसंग तर अजिबात नको. नावं यात नाहीत. तो प्रसंगही नाही.

गेल्या वर्षीपर्यंत भाऊ म्हसळ्याला राहत होता. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेबाचं काम मिळालं आणि तो बिऱ्हाड घेऊन पनवेलला आला. मी इथे लग्न होऊन आले, त्याला आता अठरा वर्षं झाली. पनवेल हे कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाचं पहिलं किंवा शेवटचं ठाणं. नगरपालिका 1852 ची, महानगरपालिका 2016 ची. जुन्या गावात मोहल्ला आहे, वडाळे तलाव आहे, बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. नव्या पनवेलमध्ये साताऱ्याचे, सोलापूरचे, केरळचे, उत्तर प्रदेशचे, सगळीकडचे लोक. इथे "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न पाणी विचारण्याआधी विचारतात.

म्हसळ्यात हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं की या दोन मुली कुठून आल्या. कोणी मायेने बोलायचं, कोणी बोचेल असं बोलायचं, पण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पनवेलला आल्यावर पहिल्यांदाच गप्प राहण्याची सोय झाली. नवी इमारत, नवी शाळा, नवे शेजारी. भाभीला वाटलं, बरं झालं. इथे कोणाला सांगायचंच नाही. दाखल्यावर वडिलांचं नाव भावाचं, आधारवर भावाचं, जन्मदाखल्यावरही आईवडील म्हणून दोघांची नावं. कागद सगळे साफ आहेत, मग तोंडाने कशाला सांगायचं?

धाकटीला हे पटलं. मोठीला पटलं नाही.

तिचं कारण साधं होतं. तिला लपवताच येत नाही. तिचं नाव एका फुलाचं आहे. ती ज्या संस्थेत होती तिथल्या ताईंनी ठेवलेलं. भावाने ते बदललं नाही. "पाच वर्षं ज्या नावाला ती ओ देत होती ते मी काढून घेणार नाही," एवढंच तो म्हणाला. आता शाळेत हजेरी होते तेव्हा ते नाव, मग भावाचं नाव, मग आमचं कोकणी मुसलमानी आडनाव, असं एका दमात पुकारलं जातं आणि सगळा वर्ग वळून बघतो. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "तू मुस्लिम ना? मग असं नाव कसं?" दुसऱ्या दिवशी बसमध्ये आमच्याच जमातीतल्या एका मुलीने विचारलं, "तू मुस्लिम आहेस का नक्की?" एकच प्रश्न, दोन्ही बाजूंनी.

तिसऱ्या वेळी कोणीतरी विचारलं तेव्हा मोठीने सांगून टाकलं, "मी पाच वर्षांची असताना अम्मी-अब्बूंकडे आले. नाव आधीचं आहे."

त्या दिवशी घरी जे भांडण झालं ते मी समोर बसून ऐकलं. धाकटीचं म्हणणं होतं, "तू तुझं सांगितलंस, पण आता सगळे मला विचारणार." मोठी म्हणाली, "मग मी काय खोटं सांगू?" आणि मला पहिल्यांदा कळलं की ही अडचण मोठ्या माणसांच्या कोणत्याही पुस्तकात नाही. एकीचं खरं हे दुसरीचं गुपित होतं. एकीने तोंड उघडलं की दुसरीचंही उघडं पडतं. दोघीही आपापल्या जागी बरोबर. भाभी धाकटीच्या बाजूने, भाऊ मोठीच्या बाजूने, आणि चहा गॅसवर उकळून गेला.

तोडगा त्या दोघींनीच काढला, आम्ही नाही. दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी ठरलं. मोठी फक्त स्वतःबद्दल बोलेल. "आणि तुझी बहीण?" असं कोणी विचारलं तर उत्तर एकच: "ती माझी बहीण आहे. बाकीचं तिला विचार." धाकटीला कोणी विचारलं तर सांगायचं की नाही, ते त्या दिवशी तिला काय वाटतं त्यावर. हा नियम आजपर्यंत पाळला जातो आहे. आमच्या घरातल्या मोठ्यांनी केलेला एकही नियम इतका टिकलेला मला आठवत नाही.

आता थोडं आपल्या समाजाबद्दल. दत्तक हा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी लगेच म्हणतो, "इस्लाममध्ये दत्तक नाही." पुढे काय आहे ते मात्र फार कमी लोक सांगतात. म्हणून जैदची गोष्ट सांगते.

जैद बिन हारिसा लहान असताना टोळीच्या लुटीत पकडला गेला आणि बाजारात गुलाम म्हणून विकला गेला. तो हजरत खदीजांच्या घरी आला आणि त्यांनी तो पैगंबरांना दिला. काही वर्षांनी त्याचे वडील आणि काका शोध घेत मक्केला आले, खंडणी देऊन त्याला न्यायला. पैगंबरांनी निवड जैदवरच सोपवली. त्याला जायचं असेल तर खंडणीही नको, असं सांगितलं. जैद राहिला. तेव्हा पैगंबरांनी लोकांसमोर जाहीर केलं की हा माझा मुलगा. लोक त्याला मुहम्मदांचा मुलगा म्हणूनच ओळखू लागले. पुढे सूरह अहजाबमधल्या आयती आल्या. त्यांचा आशय असा की मानलेली मुलं ही पोटची मुलं होत नाहीत, त्यांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप माहीत नसेल तर ती तुमची दीनमधली भावंडं आहेत. जैद पुन्हा हारिसाचा मुलगा झाला. पण माया आटली नाही. सहाबांपैकी कुराणात नावाने उल्लेख आहे तो एकट्या जैदचा. मूतहच्या लढाईत सैन्याची कमान त्याच्याकडे होती आणि तिथेच तो शहीद झाला.

या आयतींचा आधार घेऊन आपल्याकडे यतीम मुलांना घराबाहेर ठेवलं जातं. मी त्या पुन्हा पुन्हा वाचते तेव्हा मला त्यात दुसरंच दिसतं. मुलाला घरात घेऊ नका, असं त्यात कुठेच नाही. मुलाचं मूळ पुसू नका, असं आहे. ते कोणाचं आहे, कुठून आलं, हे खोट्याने झाकू नका. आज दत्तक देणाऱ्या संस्थांमधल्या समुपदेशक आईवडिलांना काय सांगतात? मुलाला लहानपणापासून खरं सांगा, कुठूनतरी कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. इतक्या शतकांच्या अंतराने दोघं एकच सांगत आहेत. मोठीने वर्गात जे सांगितलं ते कायद्याला धरून होतं आणि माझ्या समजुतीप्रमाणे कुराणालाही.

पण सगळं इतकं सरळ नाही. आमच्याच घरात एक गाठ आहे.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई फिकहप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या बाळाला एखाद्या बाईने निदान पाच वेळा दूध पाजलं तर ती त्याची दूधआई होते. मग तिची मुलं त्याची दूधभावंडं, आणि तिचा भाऊ त्याचा मामा. रक्ताच्या नात्यात जिथे लग्न हराम, तिथे या नात्यातही हराम. म्हणजे पडद्याचा प्रश्न मिटतो. 2015 मध्ये धाकटी आली तेव्हा माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता. अम्मीने मला म्हसळ्याला बोलावून घेतलं. मी आठवडाभर राहिले आणि धाकटीला पाजलं, पाचपेक्षा कितीतरी जास्त वेळा. पहिले दोन दिवस ती तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी तिने माझं बोट धरलं. शरियतच्या हिशेबाने ती माझी दूधबेटी झाली, आणि माझा भाऊ, जो तिचा बाप आहे, तो तिचा दूधमामा. मी सख्खी बहीण होते म्हणून हे जमलं.

मोठी आली तेव्हा पाच वर्षांची होती. दूध पाजण्याचं वय कधीच उलटून गेलं होतं.

त्यामुळे एकाच घरात, एकाच बापाच्या दोन मुली. एक महरम, दुसरी नाही. ती लहान होती तोवर कोणी काही बोललं नाही. गेल्या वर्षी ती वयात आली आणि एका नातेवाईक बाईने भाभीला ऐकवलं, आता या मुलीने भावासमोर ओढणी घेतली पाहिजे, त्याच्याबरोबर एकटीने गाडीवर जायला नको. मोठीने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. मग माझ्याकडे आली आणि विचारलं, "फुफी, तिला तू दूध पाजलंस म्हणून ती खरी, आणि मी उशिरा आले म्हणून नाही?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. फिकहमध्ये असा भेद आहे, हे तिला समजावलं. वंश वेगळा, हक्क वेगळे, लग्नाचे नियम वेगळे, म्हणून तो केला आहे. आणि दुसरं सांगितलं की हा भेद निकाहच्या हिशेबासाठी आहे, जेवणाच्या ताटासाठी नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे भाऊ स्वतः गेला. त्यांनी नियम काय तो सांगितला, शाफईंचं मत सांगितलं, आणि मग म्हणाले, "यतीमचं मन दुखवण्याचा गुनाह हलका समजू नका. नियम पाळण्याच्या शंभर रीती असतात, त्यातली मुलीला कळणारही नाही अशी एक शोधा."

भाभीने ती शोधली. दोघी मुलींना स्वतःची खोली दिली. दार वाजवून आत जायचं, हा नियम सगळ्यांना, बापालाही आणि आईलाही. तेरा वर्षांच्या कुठल्याही मुलीला हे हवंच असतं. ओढणीबद्दल तिला कोणी काही म्हटलं नाही. भाऊ तिला अजूनही गाडीवरून क्लासला सोडतो. ती नातेवाईक बाई आता येत नाही. हे सगळ्यांना पटेल असं नाही. वाचकांपैकी काहींना वाटेल की आम्ही नियम सैल केला, काहींना वाटेल की नियमाचा विचारच कशाला. मी एवढंच सांगते की हा प्रश्न त्या घरात खरोखर उभा होता आणि त्यांनी तो मुलीच्या अंगावर टाकला नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी, कारण आपल्याकडे ती चुकीची सांगितली जाते. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी 1956 पासून दत्तकाचा कायदा आहे. मुसलमान, ख्रिश्चन आणि पारशी यांना 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, तेही मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. 1972 मध्ये सर्वांसाठी एकच दत्तक विधेयक आलं, मुसलमानांमधून विरोध झाला आणि ते 1978 मध्ये मागे घेतलं गेलं. 1980 च्या विधेयकात तर मुसलमानांना वगळूनच टाकलं होतं. मग 2000 चा बाल न्याय कायदा आणि त्यातली 2006 ची दुरुस्ती यांनी दार उघडलं. शबनम हाश्मी यांनी एका मुलीला वाढवायला घेतलं होतं, पण कायद्याने त्या फक्त पालक होत्या. त्या 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 19 फेब्रुवारी 2014 ला निकाल आला. दत्तक घेणं हा मूलभूत हक्क आहे असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण बाल न्याय कायदा कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे आणि ज्याला त्या मार्गाने जायचं आहे त्याला वैयक्तिक कायदा अडवू शकत नाही, हे स्पष्ट केलं. ज्याला आपल्या धर्माप्रमाणे फक्त कफालत करायची आहे त्यालाही जबरदस्ती नाही. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात कफालतचीच बाजू मांडली होती. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या. 2015 चा नवा कायदा जानेवारी 2016 पासून लागू झाला. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आमच्या रायगडवाल्यांना अलिबाग.

मालमत्तेचंही तसंच. शरियतप्रमाणे दत्तक मूल वारस नाही. पण वसीयतीने एक तृतीयांशपर्यंत देता येतं आणि हयातीत हिबा करून हवं तेवढं. बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल सर्व अर्थांनी त्यांचंच. भावाने वाद उरू नये म्हणून वसीयतही केली आणि म्हसळ्याच्या जागेतला स्वतःचा वाटा दोघींना हिबाही केला. आमच्या चुलत्यांना ते आवडलं नाही. पण कागद झाले, ताबा झाला.

आता शाळेकडे परत. दिवाळीच्या सुट्टीआधी मोठीच्या वर्गाला प्रकल्प दिला: कुटुंबाची वंशावळ, चार पिढ्यांची, आणि सोबत स्वतःचा तान्हेपणीचा फोटो. मोठीकडे पाच वर्षांच्या आधीचा एकच फोटो आहे, संस्थेच्या कागदाला लावलेला, पासपोर्ट आकाराचा. त्यात तिचे केस बारीक कापलेले आहेत आणि ती कॅमेऱ्याकडे संशयाने बघते आहे.

तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण आगरी आहे. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठवली त्यातल्या एका गावची. आता ते लोक पुष्पकनगरला राहतात. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, घरं पाडली, तेव्हा ही मुलगी पाच-सहा वर्षांची होती. म्हणजे साधारण ज्या वयात माझी भाची नव्या घरात आली त्याच वयात हिने जुनं घर सोडलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा वर्गातली मुलं विमानांबद्दल बोलत होती. ती मैत्रीण माझ्या भाचीला म्हणाली, "आमचा गाव हाय, पण जागा नाय." भाचीने घरी येऊन हे वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे म्हणाली, "फुफी, माझं उलटं आहे. मला जागा आहे, गाव माहीत नाही."

त्या दोघींची दोस्ती त्या वाक्यावर पक्की झाली. कोणी कोणाची कीव केली नाही. मैत्रिणीने तिला गावाचा नकाशा काढून दाखवला: इथे खाडी, इथे देऊळ, इथे आमचा ओटा. भाचीने तिला संस्थेतल्या खोलीचा नकाशा काढून दाखवला: इथे बारा पलंग, इथे खिडकी, इथे ताईंचं कपाट, त्यात बिस्किटं. आठ वर्षांत हा नकाशा तिने आम्हाला कोणालाच काढून दाखवला नव्हता. बिस्किटांचं कपाट आम्हाला मैत्रिणीमुळे कळलं.

प्रकल्पाच्या वहीत मोठीने भावाच्या बाजूच्या तीन पिढ्या लिहिल्या, भाभीच्या बाजूच्या लिहिल्या, आणि स्वतःच्या चौकटीखाली एक ओळ: "2017 साली घरी आले." बाईंनी ती वही बघून भावाला बोलावून घेतलं. हे असं खाजगी वहीत नको, बाकीची मुलं काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. हेतू वाईट नव्हता. भावाने शांतपणे सांगितलं की वाक्य खरं आहे, तिचं आहे, खोडायचं की नाही ते ती ठरवेल. तिने खोडलं नाही. बाईंनीही मग मार्क कापले नाहीत. पुढच्या वर्गांना मात्र "चार पिढ्यांची वंशावळ" ऐवजी "माझ्या घरातली माणसं" असा विषय दिल्याचं ऐकलं. ज्यांचे बाप सोडून गेले आहेत, ज्यांच्या आया वारल्या आहेत, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांचंही ओझं थोडं कमी झालं असेल.

आणि धाकटी? तिने गेल्या महिन्यात आपल्या एका मैत्रिणीला सांगितलं. आम्हाला कोणाला विचारलं नाही. मैत्रिणीने "बरं" म्हटलं आणि डब्यातली भजी मागितली. धाकटी घरी येऊन जरा खट्टू होती. एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि एवढंच?

या मुली पुढे कोणत्या वाटेने जातील ते आम्हाला माहीत नाही. कायद्याने दत्तक मुलाला अठरा वर्षांचं झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मोठी 2030 मध्ये अठरा वर्षांची होईल. भावाने दोघींच्या फायली बनवून ठेवल्या आहेत. न्यायालयाचा आदेश, संस्थेचा पत्ता, तपासणीचे कागद, तो पासपोर्ट आकाराचा फोटो. लोखंडी कपाटात, वरच्या खणात. भाभीला त्या फायलींची थोडी भीती वाटते. तिने एकदा त्या म्हसळ्याच्या घरी नेऊन ठेवू का, असं विचारलं होतं. इथे दमट हवा, कागद खराब होतील, असं कारण दिलं. मोठी अभ्यास करत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "अम्मी, मी जाईन की नाही ते मला माहीत नाही. पण फाईल इथून हलवू नकोस."

भाभीने फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर एक रबर लावला आणि त्याच खणात ठेवली.